दाराबाहेरच्या चपला आणि वाघमारे मॅडमचा शनिवार

प्रा. विशाखा वाघमारे मॅडमची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या बुटांवरून. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजसाठी म्हणून वडिलांनी लोहाऱ्याच्या बाजारातून नवे बूट घेऊन दिले होते आणि ते घालून मी धाराशिवच्या आमच्या महाविद्यालयातल्या शनिवारच्या संगणक लॅबच्या दारात उभा होतो. आत जाणाऱ्याने पादत्राणं बाहेर काढायची, हा तिथला नियम. मला काढायचे नव्हते, कारण बूट नवे असले तरी आतले मोजे जुने होते आणि उजव्या पायाचा अंगठा बाहेर डोकावत होता. माझी चुळबुळ चालली होती. मॅडम आतून म्हणाल्या, "काढा हो बूट. मोजा फाटला असेल तर लाजू नका. इथं प्रत्येकाचं काही ना काही फाटलेलंच असतं, तेच शोधायला बसतो आपण." माझा मोजा त्यांना बुटाच्या आत कसा दिसला, हे कोडं मी बरीच वर्षं बाळगलं. हा लेख लिहायच्या निमित्ताने परवा विचारलं, तर म्हणाल्या, "दिसला कुठं? नव्या बुटात माणूस इतका अवघडून उभा राहिला म्हटल्यावर आत दुसरं काय असणार?"

त्यांची सगळी विद्या या उत्तरात आली, असं म्हटलं तर मॅडम रागावतील. तरी म्हणतो.

मॅडम साठ वर्षं पूर्ण करत आहेत आणि या महिनाअखेरीस सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या अध्यापनाबद्दल, त्यांनी तयार केलेल्या अभ्यासक्रमाबद्दल या गौरवग्रंथात माझ्याहून जाणते लोक लिहितील. आधी त्यांचा विद्यार्थी आणि पुढे त्याच विभागातला सहकारी म्हणून मला फक्त शनिवारच्या लॅबबद्दल लिहायचं आहे. त्यालाही कारण आहे. मॅडमच्या जागी नवी नेमणूक होण्याची चिन्हं नाहीत. पहिल्या मजल्याच्या टोकाची ती खोली रिकामी होणार असेल तर तिथं जुन्या उत्तरपत्रिका ठेवाव्यात, असं महाविद्यालयाच्या बैठकीत निघालं. ठरलं नाही, पण निघालं. गेले काही महिने मॅडमना निवृत्तीचं काय वाटतं असं विचारलं की त्या खोलीबद्दलच बोलायच्या.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. संगणकात एकाच वेळी पुष्कळ प्रोग्रॅम चालू असतात. चालू असलेल्या प्रोग्रॅमला आम्ही प्रोसेस म्हणतो. कुणाला चालू द्यायचं, कुणाला थांबवायचं, कुणाला किती जागा द्यायची, हे पाहणारा मुख्य कारभारी म्हणजे कर्नल. प्रत्येक प्रोसेसची इत्थंभूत नोंद कर्नल मेमरीत एका जागी ठेवतो आणि त्या जागेचा पत्ता म्हणजे पॉइंटर. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा मरतो. कर्नलमध्ये घातलेला आपला कोड चुकला तर अख्खं मशीन जागच्या जागी गार होतं. लिनक्सचा कर्नल सगळ्यांसाठी खुला आहे, कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, म्हणून मॅडम तो शिकवायच्या. तेव्हा तो ना अभ्यासक्रमात होता ना परीक्षेत. गुणांच्या आशेने येणारं पोर दुसऱ्या शनिवारी दिसायचं नाही. जे उरायचे ते पुढे कायमचे मॅडमचे झाले.

मॅडम मूळच्या तेरच्या. वडील गवंडीकाम करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. त्यांच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेल्या त्या पहिल्या. तेरहून एस.टी.ने ये-जा करत त्या याच महाविद्यालयात शिकल्या, बाहेर जाऊन एम.एस्सी. झाल्या आणि परत इथंच आल्या. त्यांच्या वर्गातले बरेचजण पुण्याच्या कंपन्यांत गेले. तुम्ही का नाही गेलात, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. मॅडम शिकवताना शुद्ध बोलतात, मनातलं बोलताना मात्र तेरवर येतात. म्हणाल्या, "पुण्यात शिकवणारे लई हायेत. इथं कुणी न्हाय म्हणून आले. लई मोठं काय न्हाय त्यात." एवढं बोलून त्या कामाला लागल्या.

चूक शोधण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आपल्याला काय वाटतं ते नंतर, काय दिसलं ते आधी. मशीन कोसळताना कर्नल शेवटचे चार शब्द बोलून जातो. पडदा भरून मजकूर येतो आणि आम्ही हटकून डोळ्यांसमोरची शेवटची ओळ वाचून कारण सांगायला लागायचो. मॅडमनी म्हणून एक दुसरं मशीन केबलने जोडून आतल्या छोट्या खोलीत ठेवलं होतं. कोसळणाऱ्या मशीनचं सगळं बोलणं त्यावर उतरायचं. तिथं जाऊन पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचं. आणि त्या आवाज चढवायच्या तो एकाच गोष्टीवर. कुणी घाबरून मशीन बंद करून परत चालू केलं की संपलं. "पुरावा पुसला की हो तुम्ही!" असं त्या कळवळून ओरडायच्या. चूक शोधताना त्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही अहो-जाहो करायच्या, आणि चूक सापडली की त्याच पोराच्या पाठीत धपाटा घालून "शहाणा आहेस" म्हणायच्या. त्या धपाट्यासाठी आम्ही शनिवारची वाट पाहायचो.

आता चपलांकडे येतो. खोलीतली मशीनं जुनी, आत धूळ नको, म्हणून पादत्राणं बाहेर. पण हळूहळू त्या नियमाला दुसरा उपयोग फुटला. शिपाई शिवाजीमामा, हे अणदूरचे, संध्याकाळी सगळ्या मजल्याला कुलपं लावत यायचे. लॅबमधलं कुणी मान वर करायचं नाही, हाका मारून मामा कंटाळायचे. मॅडमनी सांगून टाकलं, "मामा, हाक मारू नका. दाराबाहेर चप्पल दिसली तर आत माणूस आहे. एकही नसली की कुलूप लावा." मामांना ते फार आवडलं. त्या दिवसापासून ते आत न डोकावता नुसत्या चपला पाहून पुढे जायचे. बहुतेक वेळा शेवटची जोडी मॅडमचीच असायची.

त्या वर्षी मी आणि तबस्सुम मिळून एक मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये घालायचा कोडचा तुकडा, लिहीत होतो. तबस्सुमही लोहाऱ्याचीच. वडील रशीदचाचा शिंपीकाम करायचे आणि शनिवारी तिला न्यायला धाराशिवच्या स्टँडवर येऊन थांबायचे. आमचं मॉड्यूल साधं होतं. चालू असलेल्या काही प्रोसेसचे पत्ते घेऊन ठेवायचे आणि ठराविक वेळाने त्या पत्त्यांवर जाऊन कोण किती वेळ चाललं ते छापायचं. कधी ते दुपारभर बिनतक्रार चालायचं, कधी चहा यायच्या आत मशीन गार. मॅडमनी विचारलं, "कोसळायच्या आधी काय दिसलं?" आम्ही म्हणालो, काही नाही. तबस्सुम मात्र म्हणाली, "मॅडम, मधेच एकदा नाव दुसरंच आलं होतं." आम्ही लक्ष ठेवत होतो एका प्रोग्रॅमवर आणि छापून आलं भलत्याच प्रोग्रॅमचं नाव. छापण्यात गफलत झाली असेल म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "कोसळणं ही तुमची चूक नाही, ते त्या चुकीचं शेवटचं टोक आहे. चूक त्या नावात आहे. तिथं बसा." आम्ही बसलो, आणि पुढचा शनिवार उजाडेपर्यंत काहीही सुचलं नाही.

त्या पुढच्या शनिवारी तबस्सुमच्या पायांत ईदला घेतलेल्या नव्या सँडल होत्या. आवारातल्या कुत्रीची पिल्लं त्या दिवसांत दाराबाहेरच्या चपला पळवायची. तिनं सँडल काढल्या आणि पिशवीत घालून आत नेल्या. संध्याकाळी वीज गेली. मॅडम एका बैठकीला गेल्या होत्या, आम्ही बाकीचे निघालो. तबस्सुम आतल्या खोलीत बॅटरीवर चालणाऱ्या दुसऱ्या मशीनसमोर बसून पहिल्या ओळीपासून वाचत होती. शिवाजीमामा आले. दाराबाहेर एकही चप्पल नाही. त्यांनी नेमाप्रमाणे कुलूप लावलं आणि गेले.

खिडकीतून तिच्या हाका वसतिगृहाच्या पोरांना ऐकू जायला बराच वेळ लागला. मॅडमना निरोप गेला, त्या दुसरी किल्ली घेऊन स्कूटीवर आल्या. दार उघडलं तेव्हा तबस्सुमचा रडून चेहरा सुजला होता. मॅडमनी तिला पाणी दिलं, जवळ घेतलं, मागे बसवलं आणि स्टँडकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "मॅडम, आपल्या मॉड्यूलचं पण हेच झालंय." मॅडमनी गाडी बाजूला घेतली. तबस्सुम म्हणाली, "मी आत होते, पण बाहेर खूण नव्हती. मामांना कसं कळणार? आपण प्रोसेसचा पत्ता घेतलाय, पण कर्नलला सांगितलंच नाही की आम्ही धरलंय म्हणून."

अगदी तेच होतं. कर्नल प्रत्येक नोंदीसोबत एक आकडा ठेवतो, ही नोंद सध्या कितीजणांनी धरली आहे याचा. प्रोसेस संपली आणि तो आकडा शून्यावर आला की जागा मोकळी होते आणि दुसऱ्या कुणाला दिली जाते. आम्ही पत्ता खिशात घातला होता, आकडा मात्र वाढवला नव्हता. कर्नलने पाहिलं, बाहेर चप्पल नाही, जागा देऊन टाकली. आम्ही त्याच पत्त्यावर पुन्हा गेलो की कधी नवा भाडेकरू भेटायचा, तेच ते भलतं नाव, आणि कधी भिंतच नसायची, मग मशीन गार.

पण त्या संध्याकाळी स्टँडवर उभ्या असलेल्या रशीदचाचांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलीला एस.टी.त बसवलं आणि मॅडमशी एक शब्द न बोलता गेले. सोमवारी तबस्सुम आली नाही. तेव्हाच्या प्राचार्यांनी शनिवारची लॅब बंद करायचं ठरवलं आणि मामांना लेखी खुलासा मागितला. मॅडम प्राचार्यांसमोर जाऊन म्हणाल्या, "नियम माझा होता. मामांनी तो तंतोतंत पाळला. खुलासा मी देते." प्राचार्य भले गृहस्थ होते, पण घाबरले होते. ते म्हणाले, मुलीच्या वडिलांची हरकत नसेल तर लॅबचं बघू, नाहीतर विषय संपला.

मॅडम दुसऱ्याच दिवशी लोहाऱ्याला निघाल्या. दुकान दाखवायला मला बरोबर घेतलं. एस.टी.त त्या सबंध वाट खिडकीबाहेर बघत होत्या आणि मला पहिल्यांदाच त्या घाबरलेल्या दिसल्या. रशीदचाचांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं, पण शिवणयंत्र थांबवलं नाही.

"मॅडम, तासभर स्टँडवर हुबा होतो म्या," ते खाली बघूनच म्हणाले. "पोरगी येईना. त्या तासात माज्या मनात काय काय आलं, ते तुमाला न्हाय सांगता येनार."

"नका सांगू," मॅडम म्हणाल्या. "कळतंय मला. चूक माझी हाय. चपला बघून कुलूप लावा, हे मामांना म्याच सांगितलं. चप्पल आत न्यायची न्हाय, हे पोरींना सांगायचं तेवढं राहिलं."

यंत्र थांबलं. "मग आता बंद करनार व्हय ती लॅब?"

"ते तुमच्या हातात हाय, भाई. तुम्ही न्हाय म्हणालात तर बंद. पण न्हाय म्हणायच्या आधी एकदा येऊन बघा. आम्ही पंधरवडाभर डोकं फोडलं ते तुमच्या पोरीनं कोंडलेल्या खोलीत, रडता रडता शोधलंय. ते बघा आन् मग काय ते सांगा."

चाचांनी आतल्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे तबस्सुम उभी होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ते म्हणाले, "शनिवारी येतो. बोलत मात्र कायबी न्हाय आत्ता."

त्या शनिवारी रशीदचाचा आले. लॅबच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि सगळ्यांना दिसतील अशा मधोमध ठेवल्या. तबस्सुमने आधी जुनं मॉड्यूल चालवून मशीन कोसळवून दाखवलं, मग पत्ता घेताना आकडा वाढवायची ओळ घालून तेच मॉड्यूल चालवलं. लक्ष ठेवलेला प्रोग्रॅम बंद केला, मशीन चालत राहिलं. काय होतंय ते ती मोठ्याने, न अडखळता सांगत होती. चाचा सगळं उभ्याने बघत होते. मग प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, "सर, मला यातलं ओ की ठो कळत न्हाय. पन माजी पोर एवढ्या मान्सांत न भिता बोलती, ते कळलं. लॅब चालू ठेवा. फकस्त चपलांचं कायतरी करा." त्याचा बंदोबस्तही त्यांनी स्वतःच केला. पुढच्या खेपेला येताना जाड कापडाचे खण शिवून आणले, एका खणात एक जोडी मावेल असे. ते दाराबाहेर भिंतीला टांगले, कुत्र्यांच्या तोंडाला लागणार नाहीत इतके उंच. मामा मग खणांकडे पाहून कुलूप लावायला लागले.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं, पण कर्नल इतका सोपा नाही. आमचं मॉड्यूल कोसळायचं थांबलं आणि मशीन दिवसागणिक सुस्त व्हायला लागलं. मेमरी कुठेतरी जात होती. त्याच सुमारास शिवाजीमामाही मॅडमकडे तक्रार घेऊन आले. "मॅडम, तुमचं कोन पोरगं हाय ते, लई अभ्यास करतंय. रोज बघतो, खणात चप्पल हायच. मला घरी जायला येळ व्हायलाय." आत कोणीच नव्हतं. आमच्या वर्गातल्या सोमनाथची चप्पल तुटली होती, त्यानं नवी घेतली आणि जुनी तिथंच खणात कोंबून तो मोकळा झाला होता. मामा बिचारे रोज पायरीवर बसून त्या तुटक्या चपलेच्या मालकाची वाट पाहत होते. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "धरलं म्हणून सांगितलंत. सोडलं म्हणून कोण सांगणार?" आम्ही आकडा वाढवत होतो, काम झाल्यावर कमी करत नव्हतो. संपून गेलेल्या प्रोसेसच्या नोंदी कर्नल आमच्या भरवशावर सांभाळत बसला होता. ती ओळ घातली आणि मशीन पुन्हा हलकं झालं.

मी नोकरीला लागलो, चार वर्षं पुण्यात काढली आणि परत येऊन तासिका तत्त्वावर इथंच शिकवू लागलो. सुरुवातीला माझा जम बसेना. वर्गात पोरं ऐकत नाहीत म्हणून मी एकदा मॅडमकडे कुरकुर केली, तर त्या सलग आठवडाभर माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या. पोरं त्यांच्या धाकाने गप्प, मी त्यांच्या धाकाने तयारी करून. आठवडा संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "उत्तर लवकर सांगतोस. अजून थोडं अडकू दे त्यांना." बुद्धपौर्णिमेला त्या घरून मोठा डबा भरून खीर आणतात, त्यात माझ्या मुलीचा वाटा वेगळा बांधलेला असतो. माझ्या वडिलांच्या आजारपणात रोज सकाळी त्यांचा फोन यायचा आणि तोही याच रीतीने, "काय दिसतंय ते सांग, काय वाटतंय ते नको." त्या प्रश्नाने मी कितीतरी वेळा भानावर आलो.

त्यांची आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही दोघे मिळून शनिवारचा वर्ग घेत होतो. एका मुलीने विचारलं, "मॅडम, नोंद आपण धरून ठेवली तर मग भीती कसली? प्रोसेस जिवंत आहे का, हे परत का तपासायचं?" मॅडमनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या आईचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. काढवत नाही. गेल्या रविवारी सवयीने लागला. कुणीतरी उचलला, एक मुलगा होता, भूमचा. कंपनीने तो नंबर त्याला दिलाय. म्हणाला, कोण पायजे? मी म्हटलं, कुणी नाही बाळा, राहू दे." मग त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "नोंद धरली म्हणजे माणूस धरला, असं होत नाही. म्हणून तपासायचं." आणि त्यांनी खडू उचलून पुढची ओळ लिहिली. माझे डोळे भरून आले होते, मी खिडकी लावायच्या निमित्ताने उठलो.

याच महिन्यात, निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटून दुसरा शनिवार होता. उत्तरपत्रिकांचा विषय बाहेरगावच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोचला होता, तो कुणी पोचवला हे मी इथं सांगत नाही. मॅडम नेहमीच्या वेळेला जिना चढून आल्या आणि थबकल्या. रशीदचाचांनी शिवलेले खण, आता कडा विरलेले, भरून गेले होते. खाली भिंतीला लागून चपला, सँडल, बूट जिन्यापर्यंत आले होते. पुण्याहून, सोलापूरहून, हैदराबादहून पोरं आली होती, पोरं म्हणजे आता केस पिकलेली. बंगळुरूहून तबस्सुम आली होती. ती आज कर्नलवरच काम करते. तिच्यासोबत रशीदचाचाही होते. निवृत्त झालेले शिवाजीमामा अणदूरहून आले होते. त्यांना कुणी बोलावलं होतं, तेही सांगत नाही.

तबस्सुमने सगळ्यांच्या वतीने सांगितलं. आम्ही पाळ्या लावल्या आहेत. दर शनिवारी कुणीतरी एकजण येईल. ज्याला येणं जमणार नाही तो तिकडून पडद्यावर शिकवेल आणि इथं खोलीत मी, म्हणजे हा लेख लिहिणारा, असेन. आताचे प्राचार्य दारात येऊन उभे होते, त्यांनीही बूट काढले होते. ते म्हणाले, "दर शनिवारी इथं कोणी येत राहणार असेल, तर उत्तरपत्रिकांना दुसरी जागा बघू. कोणी नसलं तर मात्र माझाही इलाज नाही." अट अशी होती आणि ती रास्त होती. मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला आणि आम्हाला म्हणाल्या, "बसा. आज काय फाटलंय ते काढा."

संध्याकाळ झाली. आम्ही एका बिघडलेल्या मॉड्यूलवर बसलो होतो आणि पहिल्या ओळीचा अर्थ अजून लागायचा होता. तबस्सुम म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही आधी निघा. आम्ही बघतो." इतक्या वर्षांत त्या खोलीतून मॅडम आधी निघाल्याचं माझ्या माहितीत नव्हतं. त्या उठल्या, खणातून आपली जोडी काढली, पायात घातली आणि जिन्याकडे गेल्या. नवा शिपाई कुलूप घेऊन उभाच होता. मॅडम निघाल्या म्हणजे खोली संपली, हे त्याला माहीत होतं. त्यानं दाराकडे हात नेला.

पायरीवर बसलेले शिवाजीमामा म्हणाले, "आरं थांब. चपला बघ की. मानसं हायत आत."

मॅडम जिन्यातच थांबल्या. परत वळल्या, त्या खणांकडे पाहत राहिल्या. त्यांनी चपला काढल्या, आपल्या खणात ठेवल्या, आत येऊन मागच्या बाकावर बसल्या आणि तबस्सुमला म्हणाल्या, "पहिल्या ओळीपासून वाचा हो. मी ऐकते."

मॅडम, तुम्हाला निरोगी, निवांत आणि खूप मोठं आयुष्य लाभो. पाळी कुणाचीही असो, तुमचा तो खण आम्ही दुसऱ्या कुणाला देणार नाही. दर शनिवारी तुमची जोडी त्यात असू द्या आणि तुम्हाला वाटेल तेव्हा, अगदी सगळ्यांच्या आधी, ती घालून खुशाल घरी जा. मागे कुलूप लागणार नाही.